सळई वाकते, हे चांगलंच आहे

सोलापुरात घर बांधायला काढलेला माणूस सळईच्या दुकानात शिरला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सगळ्यात कडक कुठली?" दुकानदार मुरलेला असतो. तो एका कंपनीचं नाव सांगतो आणि बोलणं भावावर येतं. चार दिवसांनी बांधकामावर कामगार तीच सळई फळीवर ठोकलेल्या खुंट्यांत अडकवतो, हत्याराने ओढतो आणि बघता बघता कॉलमच्या रिंगांचा ढीग लागतो. मालकाच्या मनात पाल चुकचुकते. इतक्या सहज वाकणारं लोखंड वरचा मजला काय पेलणार?

खरं तर त्याने घाबरायला हवं ते न वाकता मोडणाऱ्या सळईला. किती वजनाला धातू तुटतो हे महत्त्वाचं आहेच, पण तुटण्याआधी तो किती वाकतो, किती लांबतो, हे इंजिनिअरच्या लेखी तितकंच महत्त्वाचं असतं. वाकणारा भाग दिसतो. तुळई खाली झुकली, भिंतीला भेग गेली, की माणसं घराबाहेर पडतात. खटकन मोडणारा भाग तेवढी सवड देत नाही.

आता थोडा हिशेब. एकाच वजनाने बारीक तार तुटते आणि जाड सळईला काही होत नाही, कारण एकूण वजन किती याला फारसा अर्थ नाही. छेदाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरच्या वाट्याला किती आलं, ते बघायचं. भार भागिले छेदाचं क्षेत्रफळ म्हणजे ताण. पाठ्यपुस्तकात त्याला प्रतिबल म्हणतात आणि वर्कशॉपमध्ये सगळे स्ट्रेस म्हणतात. तो न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये, म्हणजेच मेगापास्कलमध्ये मोजतात.

सळईवरच्या 'एफई ५०० डी' या शिक्क्यातलं एफई म्हणजे लोखंड, डी म्हणजे डक्टाइल, जास्त लांबणारी जात, आणि ५०० हेच मेगापास्कल. तेवढा ताण येईपर्यंत सळईत डोळ्यांत भरेल असा कायमचा बदल होता कामा नये, असा त्याचा अर्थ. १२ मिलिमीटर सळईचा छेद साधारण ११३ चौरस मिलिमीटर भरतो. ११३ गुणिले ५०० म्हणजे साडेछप्पन्न हजार न्यूटन, अर्थात पावणेसहा टन वजन. एका १२ च्या सळईला टांगलेलं.

एवढं वजन टांगल्यावर एक मीटर लांबीची सळई किती वाढेल? अडीच मिलिमीटर. वजन काढलं की ती जवळजवळ पूर्ववत होते. या टप्प्यात ताण दुप्पट केला की वाढही दुप्पट होते. हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ साली उघड केला. गडी भारी संशयी. नियम दुसऱ्या कुणी आपल्या नावावर खपवू नये म्हणून त्याने दोन वर्षं आधी लॅटिन वाक्यातली अक्षरं क्रमाने मांडून नुसतं कोडं छापून ठेवलं होतं.

ताण आणि मूळ लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ यांचं जे गुणोत्तर निघतं ते म्हणजे धातूचा ताठपणा. पोलादासाठी हा आकडा सुमारे २ लाख मेगापास्कल आहे, तांब्यासाठी साधारण १.२ लाख, पितळेसाठी १ लाखाच्या आसपास आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी ७० हजार. इथे एक गोष्ट पुष्कळ जुन्याजाणत्या कारागिरांनाही पटत नाही. पोलाद साधं असो की महागडं, त्याचा ताठपणा जवळपास तेवढाच असतो. साधा एमएस (माइल्ड स्टील) बार, ईएन-८ आणि ईएन-२४ या जास्त ताकदीच्या जाती, ट्रॉलीच्या पाट्याचं स्प्रिंग स्टील, सगळ्यांचे २ लाखच. महाग पोलाद कायमचं वाकायला उशीर लावतं, पण त्या आधीच्या टप्प्यात सारख्याच भाराला सारखंच झुकतं. त्यामुळे एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये शाफ्ट चालताना झुकतो म्हणून कुणी एमएस काढून ईएन-२४ बसवला, तर पैसे जातात आणि झुकणं तेवढंच राहतं. तिथे जाडी वाढवायची. २५ मिलिमीटरचा शाफ्ट ३० चा केला की वाकण्याला होणारा विरोध दुपटीच्याही किंचित वर जातो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. पाच मिलिमीटरमध्ये एवढं काम होतं, हे कागदावर मांडून दाखवेपर्यंत कुणी मानत नाही.

धातूवर ताण आणायला वजनच टांगावं लागतं असंही नाही. सोलापूरचा मे महिना पुरतो. पोलाद दर अंशाला लांबीच्या १२ दशलक्षांश एवढं फुगतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एक किलोमीटर रूळ २५ अंशांनी तापला आणि त्याला मोकळं सोडलं, तर तो ३० सेंटिमीटर वाढेल. पूर्वी रुळांच्या सांध्यांत फटी ठेवत आणि गाडीची ती ओळखीची खडखड तिथूनच यायची. आता लांबच लांब रूळ एकमेकांना वेल्ड केलेले असतात. स्लीपर आणि खडी यांनी जखडलेला रूळ मधल्या भागात वाढूच शकत नाही. जी लांबी वाढायला हवी होती, तिचा मग आत दाब होतो. २ लाख गुणिले १२ दशलक्षांश गुणिले २५, म्हणजे ६० मेगापास्कल. मीटरला ६० किलो भरणाऱ्या रुळाचा छेद सुमारे ७,६८६ चौरस मिलिमीटर असतो. गुणाकार केला की एका रुळात सुमारे ४७ टन दाब निघतो. गाडी आलेली नाही, कुणी हात लावलेला नाही, तरी भर दुपारी दोन रुळांत मिळून नव्वदच्या वर टन दाबून बसलेले असतात.

रुळाच्या पोलादाला ६० मेगापास्कल म्हणजे काहीच नाही. ते तुटायला ८८० च्या पुढचा ताण लागतो. धोका वेगळाच आहे. लांब, सडपातळ वस्तू टोकांकडून दाबली की ती चिरडण्याआधी बाजूला वाकते. खडी सैल झाली असेल तर अख्खा रूळ वाकडा होऊन सरकतो. म्हणून रूळ कुठल्या तापमानाला जखडायचा ते ठरवून घेतात. ते मधलं असावं लागतं, म्हणजे उन्हाळ्यात फार दाब येत नाही आणि थंडीत फार ओढ बसत नाही. रूळ हवेपेक्षा बराच जास्त तापतो, आणि हवाच ४३-४४ अंशांवर गेली की ट्रॅकवरच्या माणसांची गस्त वाढते ती यासाठी.

हे सगळं झालं धातू पूर्ववत होतो त्या टप्प्यातलं. त्यापुढे ताण वाढवला की एक हद्द ओलांडली जाते, आणि मग वजन काढलं तरी वाकलेला भाग वाकलेलाच राहतो. सळईच्या आत नेमकं काय घडतं? धातूतले अणू ओळीने रचलेले असतात. कायमचं वाकायचं तर अणूंचे थर एकमेकांवरून सरकले पाहिजेत. एक अख्खा थर एकदम सरकवायला किती जोर लागेल याचा शास्त्रज्ञांनी हिशेब केला, तर उत्तर प्रत्यक्षातल्या जोरापेक्षा शेकडो पट मोठं आलं. म्हणजे धातू असायला हवा त्यापेक्षा फारच मऊ निघाला! हे कोडं १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी वेगवेगळं सोडवलं. अणूंच्या रचनेत अर्धवट ओळींचे दोष असतात आणि थर एकदम न सरकता तो दोष एकेक ओळ पुढे जातो. जमिनीवर अंथरलेली जाड सोलापुरी चादर टोकाला धरून ओढा, ती जड जाते. पण एका कडेला सुरकुती उभी करून ती पायाने पुढे ढकलत नेली, तर चादर थोड्याशा जोरात वीतभर सरकते. धातूतला दोष हीच ती सुरकुती.

एवढं कळलं की लोहारापासून मोठ्या पोलाद कारखान्यापर्यंत सगळ्यांच्या युक्त्यांचं मर्म सापडतं. धातू कणखर करायचा म्हणजे या दोषांची वाट अडवायची. लोखंडात कार्बन मिसळा, दुसरे धातू घाला, धातू ज्या सूक्ष्म स्फटिकांचा बनलेला असतो ते दाणे बारीक करा, हत्याराला पाणी द्या, सगळ्यातून अडथळेच उभे राहतात. किंवा धातू नुसता ठोका. ठोकताना दोषांची संख्या इतकी वाढते की ते एकमेकांतच अडकतात आणि धातू कडक होतो. तांबट हंडा घडवताना मधूनमधून तो भट्टीत लाल करून घेतो ते यासाठी. तापवल्यावर गुंता सुटतो आणि तांबं पुन्हा हाताला मऊ लागतं. सळया बांधायची काळी बाइंडिंग तार अशीच तापवून मऊ केलेली असते. ती एकाच जागी चार-सहा वेळा इकडून तिकडे वाकवून बघा. आधी जागा ताठर होते, बोटाला गरम लागते आणि मग तुटते.

म्हणजे ताकद वाढवली की वाकण्याची क्षमता सहसा घटते. दोन्ही एकदम हवं तर जास्त डोकं लढवावं लागतं. टीएमटी सळई त्याचं चांगलं उदाहरण आहे. रोलिंगमधून लालभडक निघालेल्या सळईवर पाण्याचे फवारे मारतात. बाहेरची साल झटकन थंड होऊन कडक होते, आतला गाभा मात्र तापलेला राहतो. गाभ्यातली उष्णता मग बाहेर येत सालीचा ठिसूळपणा कमी करते आणि गाभा स्वतः सावकाश थंड होऊन मऊ राहतो. वर कडक कडं, आत चिवट गाभा. गॅसने तापवून सळई वाकवली की हे कडं बिघडतं, म्हणून ते करू नये. दुकानातून टेम्पोत बसावी म्हणून सळई मधोमध दुमडून आणतात, मग साइटवर सरळ ठोकतात आणि पुन्हा तिथेच वाकवतात. मला ती सवय सगळ्यात वाईट वाटते. त्या एका जागेने आपली वाकण्याची शिल्लक आधीच खर्चून टाकलेली असते.

ही शिल्लक मोजताही येते. १२ च्या सळईवर ६० मिलिमीटर अंतरावर दोन खुणा करतात आणि यंत्रात ओढून ती तोडतात. तुटलेले तुकडे जुळवून खुणांमधलं अंतर पुन्हा मोजतात. भारतीय मानक १७८६ प्रमाणे एफई ५०० सळई किमान १२ टक्के वाढली पाहिजे आणि एफई ५०० डी किमान १६ टक्के, म्हणजे ६० चे जवळपास ७० मिलिमीटर. एफई ६०० ला १० टक्के चालतात. मानकात आणखी एक अट आहे, तिच्याकडे दुकानात कुणी बघत नाही. वाकायला सुरुवात होते तो ताण आणि तुटण्याआधीचा कमाल ताण यांत अंतर हवं. ५०० डी साठी कमाल ताण किमान १० टक्क्यांनी जास्त असावा लागतो. हे अंतर नसेल तर सळई एकाच जागी वाकायला लागते, तिथेच ताणत जाते आणि संपते. अंतर असेल तर वाकलेली जागा थोडी कडक होते आणि पुढचा भार शेजारच्या भागावर ढकलते.

भूकंपात हाच फरक जीव वाचवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा धक्का सोलापुरातही जाणवला होता. तिकडे जी घरं पडली त्यांतली बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची होती. दगड दाब उत्तम सोसतो, ओढ मात्र जवळजवळ सोसतच नाही, आणि वाकणं त्याला ठाऊक नाही. काँक्रीटचंही तसंच आहे. त्यातली वाकण्याची सगळी जबाबदारी सळईवर असते. म्हणून 'सगळ्यात कडक कुठली' असं विचारण्याऐवजी 'डी ग्रेड आहे का आणि टेस्ट सर्टिफिकेट दाखवा' असं म्हणावं. इंजिनिअरने नकाशात ५०० डी लिहिलं असेल तर ६०० घेऊन फार काही कमावलं असंही समजू नये.

ठिसूळ धातू वाईट असतात असा मात्र याचा अर्थ नाही. बिडाचा तवा हातातून फरशीवर पडला तर दोन तुकडे होतात आणि लोखंडी पत्र्याच्या तव्याला नुसता पोचा येतो. बिडात कार्बनचे पातळ पापुद्रे पसरलेले असतात आणि ओढ बसली की प्रत्येक पापुद्रा भेगेची सुरुवात ठरतो. दाब दिला तर त्याच भेगा मिटतात, त्यामुळे बीड ओढीपेक्षा दाब तिपटी-चौपटीने जास्त सोसतं. शिवाय ते साच्यात छान ओतता येतं आणि कंपनं जिरवतं. म्हणून जुन्या मागांच्या बाजूच्या चौकटी आणि लेथचे बेड बिडाचे.

कठीणपणा हा आणखी वेगळा गुण. तो पृष्ठभागाचा. कानस घासल्यावर ओरखडा उठतो की ती नुसती घसरते, यावरून कारागीर तो ओळखतात. प्रयोगशाळेत कठीण गोळी किंवा टोक दाबून खड्डा मोजतात. सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्सच्या कारखान्यात इंजिनांचे कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारे उंचवट्यांचे दांडे, बनतात. कॅमचा उंचवटा लाखो वेळा घासला जातो, तो झिजता कामा नये, पण अख्खा दांडा काचेसारखा ठिसूळ झाला तर चालणार नाही. चिल्ड कास्टिंग पद्धतीत साच्यात नेमक्या त्या उंचवट्याजवळ धातूचे थंड ठोकळे ठेवतात. तिथलं ओतीव लोखंड झटकन थिजून पांढरं, कठीण होतं आणि बाकीचं सावकाश थंड होऊन साधं राहतं.

उष्णता फार असेल तर काळही मध्ये येतो. सोलापूरजवळ फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. असल्या बॉयलरमधली वाफ साडेपाचशे अंशांच्या घरात असते. त्या तापमानाला पोलाद हद्दीच्या खूप खालच्या ताणातही वर्षानुवर्षं कणाकणाने फुगत राहतं. याला क्रीप म्हणतात. म्हणून अशा नळ्यांसाठी क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं पोलाद वापरतात आणि ठरावीक काळाने त्यांची जाडी आणि व्यास तपासतात.

आता सोलापूरच्या रोजच्या डोकेदुखीकडे येऊ. मागाचा शाफ्ट तुटतो. माग दुरुस्त करणारा जॉबर सांगतो, "काल रात्रीपर्यंत झकास चालत होता, सकाळी अचानक गेला." भारही नेहमीचाच होता. मग तुटला कसा?

अचानक नाही. पॉवरलूमचा क्रँकशाफ्ट प्रत्येक पिकला, म्हणजे आडवा धागा एकदा टाकला जाताना, एक फेरा घेतो. मिनिटाला १२० पिक धरले तर आठ तासांच्या पाळीत ५७,६०० फेरे होतात. दोन पाळ्यांत चालणारा माग तीन महिन्यांच्या आत एक कोटी फेरे पुरे करतो. फिरणाऱ्या शाफ्टवर वाकवणारा भार असला की प्रत्येक फेऱ्यात त्याची वरची बाजू दाबली जाते, अर्ध्या फेऱ्याने तीच बाजू खाली जाऊन ओढली जाते. ताण हद्दीच्या निम्म्यावर असेल, तरी कुठल्या तरी ओरखड्यापाशी, कोपऱ्यापाशी दोष तेवढ्यातच मागेपुढे सरकत राहतात. त्यातून केसाएवढी भेग पडते आणि दर फेऱ्याला सूक्ष्म पावलाने पुढे जाते. उरलेला छेद भार पेलेनासा झाला की शेवटचा एक फेरा पुरतो. याला धातूचा थकवा म्हणतात.

हे जगाला रेल्वेने शिकवलं. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढे प्रशियातल्या रेल्वेत काम करणाऱ्या ऑगस्ट व्होलरने वर्षानुवर्षं नमुने फिरवून तोडले. ताण कमी केला की फेरे वाढतात, आणि पोलादाच्या बाबतीत ताण एका पातळीखाली गेला की ते जवळजवळ तुटतच नाही, हे त्याने दाखवलं. गुळगुळीत नमुन्यांत ही पातळी तुटण्याच्या ताणाच्या साधारण निम्म्यावर येते. अ‍ॅल्युमिनियमला अशी सुरक्षित पातळी नसते.

गुळगुळीत हा शब्द इथे कळीचा आहे. रुंद पट्टीला ओढ देत असताना तिच्यात गोल भोक असेल, तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. काटकोनात कापलेला कोपरा त्याहून वाईट. शाफ्टचा व्यास जिथे एकदम बदलतो तो खांदा, चावीचा गाळा, वेल्डिंगची कडा, टर्नरच्या हत्याराचा खोल ओरखडा, अशाच जागी भेगा जन्माला येतात. तुटलेला ईएन-८ चा शाफ्ट न तापवता थेट वेल्ड करून पुन्हा टर्न केला तर जोडाशेजारची पट्टी कडक आणि ठिसूळ होते, आणि तो त्याच पट्टीत पुन्हा जातो.

म्हणून तुटलेला तुकडा भंगारात टाकण्याआधी त्याचं तोंड उजेडात धरून बघावं. थकव्याने तुटलेल्या छेदाचे दोन भाग दिसतात. एक गुळगुळीत, ज्यावर एकापुढे एक वक्र रेषा असतात. त्या रेषा जिथून पसरलेल्या दिसतात तीच भेगेची जन्मजागा. दुसरा खडबडीत, दाणेदार, शेवटच्या झटक्यात तुटलेला. दाणे पाहून 'लोखंड जुनं झालं, दाणेदार झालं' असं म्हणायची पद्धत आहे. १८४२ नंतर युरोपातले इंजिनिअरही तेच म्हणत होते. पण धातू आधीपासून दाण्यांचाच बनलेला असतो, फक्त तुटल्यावर ते दिसतात. खडबडीत भाग अर्ध्याहून मोठा असेल तर शाफ्टवर खरोखर जास्त भार येत होता, त्याची जाडी वाढवावी. तो कडेचा छोटा तुकडाच असेल तर भार बेताचाच होता आणि भेग पुष्कळ दिवस चालत होती. मग नवा शाफ्ट त्याच जाडीचा करा, पण टर्नरला सांगून खांद्याच्या कोपऱ्याला चांगली गोलाई द्या आणि तिथला हत्याराचा ओरखडा पॉलिश करून घ्या.